मलूल मन आणि कर्करोगातील दाह

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘कर्करोग’ हा विषय ठरला आणि संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. पंचवीस-तीस वर्षे मुलांचे ताप, जुलाब, धाप आणि लसीकरण यांत रमलेल्या बालरोगतज्ज्ञाने कर्करोगाविषयी अधिकारवाणीने काय लिहावे? आपल्या संघटनेत या विषयाचे जाणकार शल्यचिकित्सक व कर्करोगतज्ज्ञ आहेत. तरीही अखेर लेखणी हाती घेतली, त्याला दोन कारणे. पहिले कारण म्हणजे आमच्या ओपीडीत रोज कानावर पडणारा एक साधा मराठी शब्द. दुसरे कारण माझी थोरली बहीण.

शब्द आहे ‘मलूल’. ताप किती होता, खोकला कोरडा की कफाचा, हे आईला आठवतेच असे नाही. पण ‘‘डॉक्टर, कालपासून हा अगदी मलूल आहे,’’ हे वाक्य ती पहिल्यांदा बोलते. मूल खेळत नाही, खात नाही, कुशीतून उतरत नाही, कुणी आवडीचे माणूस आले तरी मान वर करीत नाही, उगीच किरकिर करते आणि झोपून राहते. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा शब्द थर्मामीटरइतकाच मोलाचा वाटतो. १०३ ताप असून खेळणाऱ्या मुलापेक्षा १०० ताप असलेल्या मलूल मुलाची चिंता आम्ही अधिक करतो.

या मलूलपणाला शास्त्रात नाव मिळाले ते बरेच उशिरा. आजारी प्राण्यांचे वागणे ही केवळ अशक्तपणाची परिणती नसून शरीराने योजनापूर्वक घडवून आणलेली अवस्था आहे, असे १९८८ साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी मांडले. आजारी गाय कोपऱ्यात जाऊन बसते, चारा सोडते, कळपापासून दूर राहते. कारण जंतूंशी लढताना ताप निर्माण करण्यास लागणारी ऊर्जा तिला वाचवायची असते. ‘सिकनेस बिहेविअर’ या नावाने ही कल्पना आज ओळखली जाते. फ्रान्समधील रॉबर्ट डँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे तिच्यामागचे रसायनशास्त्र उलगडले. आता गंमत अशी की सिकनेस बिहेविअरची लक्षणे एका कागदावर लिहिली आणि नैराश्याची, म्हणजे डिप्रेशनची, लक्षणे दुसऱ्या कागदावर लिहिली, तर अर्ध्याहून अधिक ओळी सारख्याच निघतात. भूक मंदावणे, झोप बिघडणे, गळून जाणे, कशातच रस न वाटणे, माणसे नकोशी होणे, लक्ष न लागणे. मुलाच्या बाबतीत ज्याला आपण ‘आजारामुळे मलूल’ म्हणतो, त्यालाच प्रौढाच्या बाबतीत ‘मनाने खचला’ म्हणतो.

आता ताईविषयी. काही वर्षांपूर्वी तिला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. ताई म्हणजे आमच्या घरातला उत्साहाचा झरा. गणेशोत्सवात मंडळाच्या नाटकापासून प्रसादापर्यंत सारे तिच्या शब्दावर चालायचे. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीची आवर्तने सुरू झाली आणि हळूहळू ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. भावोजी रोज सांगत, ‘‘रडत नाही, तक्रार करीत नाही, पण काही विचारले तर ‘हं’ म्हणते.’’ नातेवाईक येत, प्रत्येकजण आपापल्या परीने धीर देई. आणि सगळ्यांचा धीर एकाच वाक्यात संपे: ‘‘मन खंबीर ठेवा, अर्धा आजार मनाचाच असतो.’’ मीही तेच म्हणाले. एमडी झालेली, पुस्तके वाचणारी मी, तिच्या पलंगावर बसून म्हणाले, ‘‘ताई, तूच अशी हिंमत सोडलीस तर कसं होणार?’’ ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘अगं, हिंमत सोडायलासुद्धा जोर लागतो. मला तापातल्या पोरासारखं झालंय, आणि ताप तर नाही.’’

ते वाक्य घेऊन मी घरी आले. तिच्या रिपोर्टांची फाइल पुन्हा काढली. ताप नव्हता, जंतुसंसर्ग नव्हता. पण सीआरपी सातत्याने वाढलेले होते. मुलाच्या फाइलमध्ये हा आकडा असता तर त्याच्या मलूलपणाचे कारण मी कुणाला विचारले नसते.

दाह, शोथ, इन्फ्लमेशन, नाव कोणतेही घ्या, ही संकल्पना वैद्यकाइतकीच जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्ससने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी दाहाची चार लक्षणे नोंदविली. ती आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून पाठ करून घेतली जातात. कर्करोगाशी दाहाचे नाते प्रथम सुचविले ते रुडॉल्फ विरशॉव यांनी, १८६३ साली. गाठीच्या ऊतींमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी पाहून, दीर्घकाळ दाह चाललेल्या जागीच कर्करोग उगम पावत असावा, असा तर्क त्यांनी केला. पुढे शतकभर त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठ म्हणजे न भरणारी जखम होय, अशा अर्थाची मांडणी केली आणि विषय पुन्हा चर्चेत आला. जखम भरून येताना शरीर ज्या पेशी, ज्या रक्तवाहिन्या आणि जे रासायनिक निरोप वापरते, तेच सारे गाठ स्वतःच्या वाढीसाठी राबवून घेते. फरक एवढाच की जखमेचे काम संपते, गाठीचे संपत नाही.

या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही त्यांतली ठळक नावे. इंटरल्यूकिन-६ यकृताला आज्ञा देते आणि यकृत सीआरपी तयार करते. म्हणून सीआरपी हा या साऱ्या हालचालींचा आपल्या हाती येणारा सोपा पुरावा. कर्करोगाच्या रुग्णात हे सायटोकाइन केवळ गाठीतून येत नाहीत. मोठी शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपीत मरणाऱ्या पेशी, अधूनमधून होणारे संसर्ग, महिनोन् महिने मोडलेली झोप, हे सर्व त्यात भर घालतात. त्यामुळे गाठ काढून टाकली, स्कॅन स्वच्छ आला, तरी रुग्णाचा गळाठा काही जात नाही, अशी तक्रार पुष्कळदा येते. घरचे म्हणतात, ‘‘आता तर सगळं निघालं, मग असं का?’’

रक्तातला निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. कारण सायटोकाइनचे रेणू मोठे असतात आणि मेंदूभोवतीची रक्तवाहिन्यांची भिंत त्यांना सहजी आत घेत नाही. उत्तर असे मिळाले की वाटा अनेक आहेत. एक वाट मज्जातंतूची. उंदरांच्या पोटात दाह निर्माण करून व्हेगस नर्व्ह आधीच छेदली, तर रक्तात सायटोकाइन वाढूनही उंदीर तितकेसे मलूल होत नाहीत, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. दुसरी वाट मेंदूतील त्या मोजक्या जागांची, जिथे ही भिंत मुळातच सच्छिद्र असते. तिसरी वाट रक्तवाहिन्यांच्या अस्तराची; ते अस्तर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करून निरोप आत पोहोचवते. तापाची वाट हीच, आणि पॅरासिटामॉलने ताप उतरताच मूल दोन तास खेळू लागते, त्याचे एक कारण इथे आहे. निरोप आत पोहोचला की मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी जाग्या होतात आणि तेच सायटोकाइन मेंदूच्या आतही तयार होऊ लागतात. शरीरातील दाहाची जणू लहानशी प्रतिकृती मेंदूत उभी राहते.

पुढचा भाग डॉक्टर वाचकांना विशेष रोचक वाटेल. सेरोटोनिन तयार होते ते आहारातील ट्रिप्टोफॅनपासून. दाह असताना आयडीओ नावाचे एंझाइम कार्यान्वित होऊन ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच मार्गाला, कायन्युरेनिनच्या मार्गाला, वळवते. त्या मार्गावर पुढे क्विनोलिनिक आम्ल तयार होते आणि ते मेंदूतील एनएमडीए रिसेप्टरला अवाजवी उत्तेजित करते. याखेरीज डोपामिनच्या कार्यावरही परिणाम होतो. आवडीची गोष्ट समोर आली की मेंदूचा जो भाग उजळतो, तो सायटोकाइनच्या प्रभावाखाली तितकासा उजळत नाही, हे मेंदूच्या चित्रणांतून दिसले आहे. पुरणपोळी समोर ठेवली तरी इच्छा होत नाही, नातू आला तरी आनंद होत नाही. आणि याचे अपराधीपण रुग्णाला वेगळेच. ताई मला नंतर एकदा म्हणाली होती, ‘‘सगळं कळत होतं गं, पण आत काही हलत नव्हतं.’’

हे सारे प्रयोगशाळेतले तर्क आहेत, प्रत्यक्ष माणसात याला पुरावा काय, असे कुणी विचारील. पुरावा आहे, आणि तो कर्करोगाच्या वॉर्डातूनच आला आहे. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा मोठ्या मात्रेत दिले जाई. इंटरफेरॉन हेही एक सायटोकाइनच. या उपचारात अनेक रुग्ण काही आठवड्यांत गंभीर नैराश्यात जात. २००१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डॉमिनिक मसेलमन व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरफेरॉन सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून काही रुग्णांना पॅरॉक्सेटिन आणि काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. बारा आठवड्यांत निष्क्रिय गोळीच्या गटातील २० पैकी ९ जणांना मोठे नैराश्य आले. पॅरॉक्सेटिनच्या गटातील १८ पैकी २ जणांना. रुग्णसंख्या लहान आहे, हे मान्य. पण यातून दोन गोष्टी निघतात. सायटोकाइनचे इंजेक्शन दिल्याने नैराश्य येते, म्हणजे बाण दाहाकडून मनाकडे जातो. आणि कारण शारीरिक असले तरी नैराश्यावरील औषध तिथे उपयोगी पडते.

त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी २० निरोगी पुरुषांना जंतूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन अत्यल्प मात्रेत दिले. काही तासांपुरती त्यांची चिंता वाढली, मनःस्थिती खालावली, स्मरणशक्तीच्या चाचण्यांत गुण घटले. आणि हा बदल रक्तातील सायटोकाइनच्या वाढीशी निगडित होता. या पुरुषांना कोणतेही दुःख नव्हते. ‘इच्छाशक्ती’ कमी पडली असेही म्हणता येणार नाही.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे उदाहरणही इथे आठवते. कारण नसताना येणारी उदासी व चिंता हे या रोगाचे पहिले लक्षण असू शकते, हे १९३१ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. म्हणजे रुग्णाला आपल्याला कर्करोग आहे हे ठाऊक होण्यापूर्वीच मन खालावते. उतारवयात प्रथमच नैराश्य आले, वजन घटत आहे आणि पाठीत दुखते, अशा रुग्णाची पोटाची तपासणी केल्याशिवाय त्याला केवळ मानसिक म्हणून सोडू नये, असे आम्हाला शिकवले गेले होते. ते शिकवणारे गुरुजन योग्यच होते; कारण मात्र त्यांनाही पुरते ठाऊक नव्हते.

इथवर वाचून कुणाचा असा समज होऊ नये की कर्करोगातील प्रत्येक दुःख म्हणजे दाह. मृत्यूची भीती, पैशाची ओढाताण, केस गेल्याची लाज, मुंबईला टाटा हॉस्पिटलला नेण्यासाठी दर महिन्याला अवंतिका एक्स्प्रेसचे तिकीट काढताना घरात होणारी कुजबुज, यांपैकी कशाचाही आकडा रक्तात मोजता येत नाही. सामान्य नैराश्याच्या रुग्णांतही सीआरपी स्पष्टपणे वाढलेले आढळते ते साधारण चौथ्या हिश्श्यात. २०१३ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स रेझन, अँड्र्यू मिलर व सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरविरोधी औषधाचा प्रयोग केला. एकूण गटात निष्क्रिय औषधापेक्षा काहीच सरस ठरले नाही. सीआरपी ५ च्या वर असलेल्यांना मात्र लाभ होण्याकडे कल दिसला. म्हणजे दाह असेल तिथेच दाहशामक औषधाला काही काम आहे. आपल्याकडे ‘हळदीच्या कॅप्सूल घेऊ का’ असे हमखास विचारतात, म्हणून सांगते: भाजी-आमटीतली हळद अवश्य खावी, संहत अर्काच्या कॅप्सूल कर्करोगतज्ज्ञास विचारल्यावाचून घेऊ नयेत, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. आणि केमोथेरपीत प्लेटलेट उतरलेल्या असताना दुखण्याच्या गोळ्या मनाने घेणे तर धोक्याचेच.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातला अनुभव तर या साध्या समीकरणाला छेदच देतो. रक्ताच्या कर्करोगातील, म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातील, मुलांना डेक्सामेथासोनचे डोस दिले जातात. देखभालीच्या टप्प्यात पुष्कळदा महिन्यातून पाच दिवस. डेक्सामेथासोन हे दाह शमविणारे अत्यंत प्रभावी औषध. मग त्या पाच दिवसांत मूल आनंदी व्हावे ना? प्रत्यक्षात उलटे घडते. मोठ्या केंद्रात उपचार घेणारा आणि मधल्या काळात रक्ततपासणीसाठी माझ्याकडे येणारा एक सहा वर्षांचा मुलगा मला आठवतो. त्याच्या आईने एक वही ठेवली होती आणि त्यात डेक्साच्या दिवसांवर लाल रेघ मारलेली असे. रात्री दोन वाजता पोहे हवेत म्हणून हट्ट. पोहे केले की ताट भिरकावणे. धाकट्या बहिणीला मारणे आणि मग तासभर मुसमुसत रडणे. आजोबा म्हणत, ‘‘आजारपणात लाडावला आहे, एक ठेवून द्या.’’ मी त्यांना वही दाखविली. प्रत्येक स्फोट लाल रेघेच्या आत होता किंवा संपल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत. आजोबा मास्तर होते. वही त्यांना पटली. पुढच्या डोसच्या दिवसांत ते नातवाला घेऊन गच्चीवर बसू लागले.

या मुलांना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यास हा त्रास कमी होतो का, याचा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला. २०१६ च्या प्रयोगात तीव्र त्रास होणाऱ्या मुलांपुरता लाभ दिसला. नंतरच्या अधिक काटेकोर प्रयोगात तो निष्क्रिय औषधापेक्षा सरस ठरला नाही. तेव्हा तूर्त हाती आहे ती आईची वहीच. मात्र या उदाहरणावरून एवढे नक्की कळते की मेंदू दाहाने ढळतो तसा दाहशामक संप्रेरकानेही ढळतो. मनाची अवस्था एकाच मापाने मोजता येत नाही.

याचे सर्वांत विलक्षण रूप दिसते ते नव्या कार-टी पेशींच्या उपचारात. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी हा उपचार घेणारी पहिली बालरुग्ण ठरली. स्वतःच्याच बदललेल्या टी-पेशी शरीरात सोडल्यावर सायटोकाइनचे असे वादळ उठले की ती मृत्यूच्या दारात पोहोचली. इंटरल्यूकिन-६ अतिशय वाढलेले आढळले आणि टॉसिलिझुमॅब हे त्याला रोखणारे औषध देताच काही तासांत ती सावरू लागली. हे औषध तेव्हा ठाऊक होते ते संधिवातासाठी. आम्ही बालरोगतज्ज्ञ ते मुलांच्या संधिवातात वापरतो. कार-टीचे प्रवर्तक कार्ल जून यांच्या मुलीलाच बालसंधिवात होता आणि म्हणून ते नाव त्यांना आठवले, हा योगायोगही नोंदण्याजोगा. आज हा उपचार आपल्यापासून फार दूर राहिलेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली.

या उपचारातील रुग्णांच्या मेंदूवर जो परिणाम होतो, तो ओळखण्यासाठी रोज एक अगदी घरगुती चाचणी घेतली जाते. रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला सांगतात. कालपर्यंत सुवाच्य असलेले अक्षर आज डगमगू लागले, शब्द सुचेनासे झाले, की डॉक्टर सावध होतात. रक्तातील वादळ मेंदूत शिरल्याची ती खूण. आणि इथे उपयोगी पडते ते टॉसिलिझुमॅब नव्हे, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. उपयोगी पडते ते आमचे जुने डेक्सामेथासोन, ज्याने आमची मुले पोह्यांची ताटे भिरकावतात.

मग रोजच्या व्यवसायात यातून घ्यायचे काय? कर्करोगाचा रुग्ण गप्प झाला, खाईना, बोलेना, तर पहिले काम त्याचे शरीर पाहण्याचे. वेदना पुरेशी आटोक्यात आहे का, हिमोग्लोबिन किती, थायरॉइड मंद झाले आहे का, कॅल्शियम वाढले आहे का, कुठे संसर्ग दडला आहे का, स्टेरॉइड नुकतेच सुरू वा बंद झाले आहे का. वृद्ध रुग्णातील ‘शांतपणा’ हा पुष्कळदा नैराश्य नसून डिलिरियम असतो. त्याला आजची तारीख विचारावी म्हणजे उलगडते. हे सर्व पाहूनही प्रश्न राहिला, तर भूक, झोप, थकवा या लक्षणांवर फार विसंबू नये, ती दाहानेही येतात. त्यापेक्षा विचारावे की आपण घरच्यांवर ओझे आहोत असे वाटते का; चांगली बातमी ऐकून क्षणभर तरी बरे वाटते का; जगणे नकोसे होते का. शेवटचा प्रश्न विचारल्याने रुग्णाच्या मनात नसलेला विचार येत नाही, उलट असलेला विचार बोलून मोकळा होतो. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. आपल्या रुग्णांच्या फाइलवर हा क्रमांक लिहून द्यायला काय हरकत आहे?

उपचार केले तर गुण येतो, हे मी ठामपणे सांगू शकते. स्कॉटलंडमध्ये मायकल शार्प, जेन वॉकर आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या २१,००० हून अधिक रुग्णांची पाहणी केली. ज्यांना मोठे नैराश्य होते त्यांपैकी ७३ टक्क्यांवर त्यासाठी कोणताच परिणामकारक उपचार चालू नव्हता. त्यांनीच ५०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत, परिचारिका आणि मानसोपचारतज्ज्ञ कर्करोगाच्या उपचारपथकातच सामील करून घेतले, तेव्हा २४ आठवड्यांनी ६२ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने किंवा अधिक कमी झाले; नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १७ टक्के होते. हे निष्कर्ष २०१४ चे आहेत. तपशिलाची एक बाब सहकाऱ्यांसाठी: स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टाळावे, कारण ती टॅमॉक्सिफेनला कार्यक्षम रूप देणाऱ्या यकृतातील एंझाइमला रोखतात. चिठ्ठी लिहिणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ वेगवेगळ्या इमारतींत बसतात, त्यामुळे ही चूक घडते.

औषधावाचूनच्या उपायांत व्यायामाचा क्रमांक पहिला. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे निर्दयपणाचे वाटते, पण अंथरुणावर पडून हा थकवा उतरत नाही. योगाविषयी आपल्याकडे अवास्तव दावे फार होतात, म्हणून मी सावधपणे वाचते. ओहायोतील जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २०० स्त्रियांना दोन गटांत विभागून, एका गटाला १२ आठवडे हठयोगाचे वर्ग दिले. वर्ग संपल्यानंतर तीन महिन्यांनी योग केलेल्यांचा थकवा कमी होता आणि दाहदर्शक सायटोकाइनही कमी होते. लॉस एंजेलिसच्या ज्युलियन बाउअर यांनी तर पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीचा योग अशाच दीर्घ थकव्याच्या रुग्णांत वापरून पाहिला आणि त्यांनाही अनुकूल फळ मिळाले. योगाने कर्करोग बरा होतो, असे यांपैकी कुणीही म्हटलेले नाही.

आणि आता त्या ‘खंबीर मना’विषयी. डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासात, आधारगटात भाग घेणाऱ्या स्त्रिया सरासरी दीड वर्ष अधिक जगल्याचे प्रसिद्ध केले. जगभर गाजावाजा झाला. मनाने कर्करोगावर मात करा, अशी पुस्तके निघाली. मग त्याच स्पीगल यांनी अधिक रुग्ण घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला आणि २००७ साली प्रामाणिकपणे लिहिले की एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. गटाने स्त्रियांचे दुःख हलके झाले, आयुष्य वाढले नाही. पहिला निष्कर्ष आपल्या दिवाणखान्यांपर्यंत पोहोचला. दुसरा पोहोचला नाही. त्यामुळे रोग बळावला की रुग्णाला वाटते, आपणच कमी पडलो. ताईला तसेच वाटत होते, हे तिने मला फार उशिरा सांगितले.

त्या रात्री फाइल चाळल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी तिच्या कर्करोगतज्ज्ञांना भेटले. हिमोग्लोबिन साडेसात होते, रक्त दिले गेले. पोटातले पाणी काढल्यावर श्वास मोकळा झाला. आपल्याच संघटनेतील एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राने घरी येऊन तिच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि रात्री घ्यायची मिरटाझापिनची गोळी सुरू केली. मी तिच्याजवळ बसून तिला मायक्रोग्लियाची चित्रे काढून दाखविली. ती शाळेत शास्त्र शिकवीत असे, तिला ते कळायला वेळ लागला नाही. म्हणाली, ‘‘म्हणजे मी आळशी नाही आणि भित्रीही नाही.’’ भावोजींना तिने ते पुन्हा समजावून सांगितले, माझ्यापेक्षा चांगले.

चार-पाच आठवड्यांनी एका संध्याकाळी तिचा फोन आला. सराफ्यातून भुट्ट्याचा कीस आणशील का, असे विचारत होती. नेला. दोन चमचेच खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाली आणि उरलेला भावोजींपुढे सरकवला. त्यानंतर ती सव्वा वर्ष होती. दोन गणपती तिने पाहिले. दुसऱ्या वर्षी आरतीला खुर्चीत बसून टाळ वाजवत होती. तिचे सीआरपी त्या सगळ्या काळात वाढलेलेच राहिले.